खाऱ्या पाण्यातली हळदी

अन्याय माझ्या आईवर झाला. कधी झाला तेही सांगते. ती गेली वैशाखात, सोमवारी भर दुपारी, अमरावतीच्या दवाखान्यात. पण तो अन्यायाचा शेवट होता. अन्याय रोज सकाळी व्हायचा, गोड्या पाण्याचे गुंड, म्हणजे मोठ्या घागरी, अंगणात उतरले की लगेच, चहाच्या आधी. ती लग्न होऊन त्या घरात आली त्या सकाळपासून.

मोर्चात आम्ही वाटतो त्या पत्रकांत पहिल्या ओळीत हेच लिहायचं असतं: कोणावर आणि कधी. दुसऱ्या ओळीत कोणी केला. ती दुसरी ओळ मला आजही सरळ लिहिता येत नाही, म्हणून हे पत्रक नाही. हे आईच्या मासोळ्यांबद्दल आहे.

आमचं गाव दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या खोऱ्यात. खारपाणपट्टा म्हणतात त्याला. जमीन काळीभोर, बोट घातलं तर रुतेल अशी, पण विहीर खोदा की बोअर मारा, पाणी खारट. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, भांड्याला आतून पांढरी खपली धरते. खारपाण जिथं संपतं तिथल्या एका गावात गोडी विहीर होती. तिथून एक बैलगाडीवाला ड्रम भरून आणायचा आणि घरोघर गुंड भरून द्यायचा. गावात पाण्याची टाकी बांधलेली होती, पाइप पुरलेले होते, उद्घाटनाचा दगड बसवलेला होता. त्या टाकीत पाणी तेवढं आलं नव्हतं.

तर गोडं पाणी आलं की त्याचे वाटे व्हायचे. आधी देवाचा तांब्या. मग पाहुण्यांचा माठ, झाकण लावून, वर पेला उपडा घालून. मग बाबांची शाळेत न्यायची बाटली. मग माझी. चहा त्याचाच, वरणही त्याचंच. आई विहिरीचं प्यायची. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे ते सांगावं लागत नाही. तिची सासू तेच प्यायली, शेजारची काकू तेच प्यायची. पाहुण्याला खारं पाणी देणं म्हणजे त्याला दारातून हाकलणं, आणि बाबा पडले शाळामास्तर, त्यामुळे आमच्या ओसरीवर रोज कोणी ना कोणी टेकलेलं असायचंच. तलाठी, केंद्रप्रमुख, पत्रिका वाटत फिरणारा, दाखल्यासाठी आलेला.

"तू काहून नाही घेत वं यातलं?" मी लहानपणी विचारायचे.

"मले ते पानचट लागते," ती म्हणायची, आणि विहिरीच्या पाण्याचा गडवा तोंडाला लावायची.

काचेची पेटी आमच्याकडे आली ती कापसाचा भाव बसला त्या वर्षांत. दर्यापूरला बाबांच्या ओळखीचे एक अडते होते. त्यांच्या गादीमागे ही पेटी असायची, आत सोनेरी मासोळ्या, वर दिवा. कापूस विकायला आलेली माणसं तिच्याकडे बघत बसायची. मग भाव असे पडले की गाड्याच येईनात. अडत्यांनी दुकान मिटवलं, मुलाकडे नागपूरला निघाले. जाताना पेटी बाबांना दिली. म्हणाले, "मास्तर, पोराईले दाखवा शाळेत." बाबांनी ती शाळेत नेली नाही. शाळेत लाइटच नव्हती. ती आमच्या मधल्या खोलीत आली आणि आईनं ती धुतली.

दर्यापूरहून आणलेल्या सोनेरी मासोळ्या आठवडाभरात मेल्या. दुसऱ्या आणल्या, त्याही मेल्या. तिसऱ्या वेळी आईनं बाबांना बजावलं, "आता आणू नका. हत्या लागते."

मी तेव्हा अकोल्याला कॉलेजात होते, होस्टेलवर राहायचे. बाजारात एक मासोळ्यांचं दुकान होतं, अरुंद, दोन्ही बाजूंनी काचा, मध्ये फक्त माणूस जाईल एवढी वाट. दुकानदार म्हातारे होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. मी त्यांना विचारलं, आमच्याकडे मासोळी का जगत नाही.

"कुठल्या गावची?"

मी सांगितलं.

"म्हणजे खारपाणातली. अन् त्या पाण्यात तुमी सोन्यासारखी मच्छी टाकून राहिले? तिचा काय गुन्हा होता बेटा?" ते हसले. मग मागच्या टाकीकडे बोट केलं. "हे घेऊन जा. आफ्रिकन. तिकडं मोठमोठे तळे हायेत, खडकांचे, पाणी जड. हे गोड्या पाण्यात आजारी पडतात. पाणी जड व्हावं म्हणून मी यांच्या टाकीत शिंपले टाकून टाकून थकलो. तुमचं गाव म्हणजे यांचं सासरच समज."

"सासर की माहेर?"

"ते तुझ्या अम्मीले विचार."

टाकीवर पाटी होती, आफ्रिकन सिक्लिड. बोटाएवढी पिल्लं होती, लिंबाच्या सालीसारखी पिवळी, पाठीच्या परावर काळी रेघ. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा भरून, रबर लावून चाचांनी ती दिली, आणि मी ती मांडीवर घेऊन एसटीनं गावी आले. आईनं पिशवी उघडली, पिल्लं पेटीतल्या विहिरीच्या पाण्यात सोडली, आणि हात जोडले. खरंच जोडले. पुन्हा हत्या नको म्हणून.

ती मेली नाहीत. ती वाढली, लठ्ठ झाली, एकमेकांच्या मागे धावली. आईनं परसातला फुटका माठ आणून त्याची खापरं आत रचली, छपराच्या कवेलूचे तुकडे घातले. प्रत्येकानं एकेक खापर धरलं आणि दुसऱ्याला येऊ देईना. सगळ्यात मोठा नर होता त्याचं नाव आईनं जावई ठेवलं. "काही करत नाही. नुसती मान ताठ करून हिंडते अन् खायाले पहिले येते." आणि मोठी मादी होती ती हळदी, कारण ती हळदीत लोळून आल्यासारखी दिसायची. आई त्यांना पालकाची पानं उकडून, पिळून, बारीक करून घालायची. घरात पालक झाला की आधी त्यांचा वाटा निघायचा. वाटे करायची सवय तिला होतीच.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. हळदीनं खाणं सोडलं. पालक समोरून वाहत गेला तरी तोंड उघडेना. गळा सुजल्यासारखा झालेला, जबडा खाली लोंबलेला. शेजारची काकू आली, काचेला नाक लावून बघत बसली.

"तंबाखूचा बार भरला वाटते हिनं."

"थट्टा नको करू वं," आई म्हणाली. "बिमार हाय ते."

मी एसटीडीवरून चाचांना फोन लावला. ते पलीकडून एवढ्यानं हसले की बूथवाल्यानंही ऐकलं. "मुबारक हो! तोंडात अंडे हायेत तिच्या. हे असंच करतात. अंडं टाकलं की लगेच तोंडात घेतात, पिल्लं मोठे होईपर्यंत आतच. तीन आठवडे खाणार नाही आता. काच वाजवू नका, जाळी टाकू नका. घाबरली तर थुंकून देईल, नाही तर गिळून टाकेल."

घरी येऊन मी आईला सांगितलं. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, "काहीच खात नाही? काहीच? आपल्या तोंडात अन् आपल्यालेच गिळता येत नाही?" मग तिनं आपलं ताट उचललं आणि मधल्या खोलीत पेटीकडे पाठ करून जेवायला बसली. "तिच्यासमोर खावाव नाही वाटत," म्हणाली. पुढे दर खेपेला ती तशीच बसायची, पाठ करून.

नंतर मी कॉलेजच्या लायब्ररीत यांच्याबद्दल वाचलं. नर थरथरत मादीभोवती फिरतो. त्याच्या खालच्या परावर पिवळे ठिपके असतात, अगदी अंड्यांसारखे. मादीला वाटतं आपलं एक अंडं तिथं राहिलं, ती ते उचलायला तोंड लावते, तेवढ्यात नराचं बीज आत जातं आणि तोंडातली अंडी तशी फळतात. मी हे आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे फसवते तो." मी म्हटलं, तसंच. "जावईच तो," ती म्हणाली.

त्या काळात लोडशेडिंग असं होतं की लाइट कधी असते हेच विचारावं. हवेचा पंप बंद पडला की मासोळ्या वर येऊन तोंड उघडझाप करायच्या. तेव्हा आई पेटीजवळ उभी राहून गडव्यानं पाणी काढायची आणि उंचावरून धार सोडायची, पुन्हा काढायची, पुन्हा सोडायची. धारेबरोबर हवा आत जाते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, उकळता चहा थंड करताना आपण करतोच की. दुपारचं काम आवरून ती हे करत उभी असायची. बाबा शाळेतून आले की म्हणायचे, "झाला का तुझा अभिषेक?" पण तेही चपला काढून थोडा वेळ बघत थांबायचे.

हळदी तोंड भरून बसली की आई तिला हळूच ओंजळीत धरून वेगळ्या टपात ठेवायची. जाळी नाही, हात. मग एका सकाळी टपाच्या तळाशी उडदाच्या डाळीएवढी फिकी पिल्लं दिसायची, खापराच्या सावलीत गच्च बसलेली, आणि हळदी शेजारी, पोट खपाटीला गेलेलं. आई तिला परत पेटीत सोडायच्या आधी पालक भरवायची, जणू बाळंतीणच.

पिल्लं अंगठ्याएवढी झाली की ती डब्यात घालून आई अकोल्याला यायची. मी स्टँडवर घ्यायला जायचे. एकदा तिच्याबरोबर कंडक्टरही हसत उतरला.

"तुमची आई का ह्या? मी इचारलं डब्यात काय हाय, म्हणे मासोळ्या. मी म्हटलं खायाच्या का? म्हणे पाहाच्या. आता पाहाच्या मासोळीचं तिकिट किती फाडू, सांगा."

चाचा पिल्लं घ्यायचे, बदल्यात दाणे द्यायचे, पंपाची नळी द्यायचे. आणि आईला स्टुलावर बसवून चहा पाजायचे. एकदा पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "नको, मले सारखी लघवी लागते, बसमदी पंचाईत होते." ती पाणी कमीच प्यायची. विहिरीचं पाणी माणूस जास्त पिऊच शकत नाही. तेव्हा मला त्याचा अर्थ कळत नव्हता. कळायला पाहिजे होता असंही मी म्हणणार नाही. आमच्या गावातल्या सगळ्या बाया तशाच प्यायच्या.

त्याच वर्षांत टीव्हीवाले यायला लागले. मुंबईहून, पुण्याहून मोटारी यायच्या. चौकात उतरून विचारायचे, इथं कोणी आत्महत्या केली का. केली असेल तर त्या घरी जायचे. नसेल तर मास्तरांकडे यायचे, कारण मास्तर सांगू शकतात. आमच्याकडे एकदा आले. चौघं जण, घामेजलेले. आईनं पाहुण्यांच्या माठातलं पाणी दिलं. त्यांनी एकेक नाही, दोन-दोन पेले प्यायले.

"पाणी छान गोड आहे हो तुमचं," त्यातला एक म्हणाला. "आणि लोक म्हणतात इथं पाण्याचा त्रास आहे."

आई नुसती हसली. बाबांना बोलायला खुर्चीवर बसवलं, तर कॅमेरावाल्याला मागे पेटी दिसली. पिवळ्या मासोळ्या, खापरं, हिरवा पालक.

"सर, हे काढता येईल का? म्हणजे, दुष्काळी गाव आहे. मागे फिशटँक बरा नाही दिसणार."

पेटी हलवता येणार नव्हती. मग त्यांनी आईला विचारून पेटीवर आईचंच जुनं लुगडं टाकलं. हळदी तेव्हा तोंड भरून होती. आई म्हणाली, "टाका, टाका. तिले बी अंधारात बरं वाटते." बाबांची मुलाखत झाली, कापसाच्या भावाबद्दल, बोंडअळीबद्दल. ती दाखवली की नाही कोण जाणे. आमच्याकडे लाइट नव्हती.

मी आज मोर्चात जाते, माइकवर ओरडते, तेव्हा लोक म्हणतात ही पोरगी लई कडक बोलते. मी कडक बोलते कारण त्या चौघांनी माझ्या आईच्या हातून तिच्या वाट्याचं पाणी प्यायलं, तिची एकुलती एक आवडीची गोष्ट तिच्याच लुगड्यानं झाकायला लावली, आणि त्यांच्यापैकी एकालाही तिला एक प्रश्न विचारावासा वाटला नाही. त्यांच्याकडे मोजायला मेलेले होते. ती तर चालतीबोलती होती.

चैत्रात तिचे पाय सुजले. सकाळी चेहरा फुगलेला असायचा. अन्न समोर आलं की मळमळायचं. "उन्हाचं हाय," ती म्हणायची. काकू म्हणायची, "हळदीसंगं हे बी उपास करून राहिली." त्यावर दोघी हसायच्या. मग एक दिवस तिला गडवाही उचलेना, तेव्हा बाबांनी जीप केली आणि आम्ही तिला अमरावतीला नेलं. निघताना जीपमधून तिनं काकूला हाक मारली. हळदीच्या तोंडात पिल्लं होती आणि या वेळी तिला टपात काढायची राहिली होती.

"लाइन गेली की गडव्यानं धार सोडजो. अन् काही करू नको. हात नको लावू कोणाले."

"तू जाय वं. मी हावो न इथी."

दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, आमच्याच जिल्ह्यातले. त्यांनी गावाचं नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"खारपाणातले तुम्ही. पाणी कोणतं पिता?"

"गोडं," बाबा म्हणाले. "आमच्याकडे गोडं येते ना रोज. गाडीनं येते. आम्ही गोडंच पितो."

डॉक्टर आईकडे बघत होते. "आई, तुम्ही?"

"विहिरीचं," आई म्हणाली.

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरू शकत नाही आणि माफही करू शकत नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना माहीत नव्हतं. एका छताखाली, एका चुलीवरचं खाऊन, एवढी वर्षं. रोज तिनं भरून दिलेली बाटली घेऊन ते शाळेत गेले आणि ती स्वतः काय पिते हे त्यांच्या डोळ्यांसमोर असून त्यांनी कधी पाहिलं नाही. वाईट माणूस असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं. माझा बाप सज्जन माणूस आहे. गावात विचारा कोणालाही.

दोन्ही मूत्रपिंडं आकसली होती. डॉक्टरांनी बाबांना बाहेर घेऊन सांगितलं की पाण्यानंच झालं असं मी कागदावर लिहू शकत नाही, पण तुमच्या भागातून असे पेशंट येतच असतात. आईला डायलिसिसवर घेतलं. आणि मग असं झालं, ते ऐका. खाटेशेजारी बाबांनी विकतच्या पाण्याची मोठी बाटली आणून ठेवली, बर्फासारखी थंड, गोड. आणि नर्स म्हणाली, पाणी मोजून द्यायचं. शरीर पाणी बाहेर टाकत नाही, फुफ्फुसात भरेल. चमच्यानं ओठ ओले करा. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या एकटीसाठी गोडं पाणी आलं, आणि तिला ते प्यायची मनाई होती.

"पानचट हाय का?" मी ओठ ओले करताना विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "चांगलं हाय."

दोन दिवसांनी बाबा कपडे आणि रेशनकार्ड आणायला गावी गेले. पुढचं मला काकूनं सांगितलं. ते आले, ओसरीवर बसून राहिले. काकूनं चहा आणला तो तसाच निवला. मग उठून मधल्या खोलीत गेले. पेटीच्या काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरी खपली धरलेली होती, नेहमीसारखी. तिला हात लावून बघत बसले. आणि बादली आणली.

"गुरुजी, हात नको लावू म्हणे ते जाताना," काकूनं आठवण करून दिली.

"या पाण्यानं तिचा जीव चालला," बाबा म्हणाले. "तिच्या मासोळ्याईले तरी मी हे पेऊ देणार नाही."

त्यांनी पेटीतलं सगळं पाणी उपसलं. बादलीत मासोळ्या धरून ठेवल्या, काच घासली, खपली खरवडून काढली, खापरं धुतली. आणि पाहुण्यांचा माठ उचलून ओतला. देवाचा तांब्या ओतला. त्या सकाळी आलेले सगळे गुंड ओतले, पुरेना म्हणून शेजारच्या दोन घरी हात जोडून त्यांच्याकडून गोडं पाणी मागून आणलं. शेजाऱ्यांनी दिलं. मास्तरीणबाईसाठी म्हटल्यावर कोण नाही म्हणेल. काकूसुद्धा आपला गुंड घेऊन आली. तिलाही ते बरोबरच वाटलं. सांगा, आमच्या गावात कोणाला वाटलं नसतं? आम्ही ज्याचा मान राखतो त्याला गोडं पाणी देतो. त्या दुपारी त्या पेटीचा जेवढा मान झाला तेवढा माझ्या आईचा त्या घरात कधी झाला नव्हता.

संध्याकाळ होण्याच्या आत मासोळ्या कलंडायला लागल्या. जड पाण्याची सवय असलेल्या जिवाला एकदम हलकं पाणी सोसत नाही, हे चाचा पहिल्या दिवशी मला सांगून चुकले होते आणि मी आईला सांगितलं होतं. आईनं बाबांना सांगायचं काही कारण नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं. जावई आधी गेला. हळदीनं तोंडातली पिल्लं थुंकून टाकली, पोटाशी पिवळा गोळा घेऊन असलेली, अजून पोहू न शकणारी. पिल्लं तळाशी पडली, मागोमाग हळदीही. काकू लाइट असूनही गडव्यानं धार सोडत राहिली, कारण तिला तेवढंच माहीत होतं.

बाबा कपडे घेऊन परत आले. आई जागी होती. तिनं पहिलं तेच विचारलं.

"हळदीचं तोंड मोकळं झालं का?"

"झालं," बाबा म्हणाले.

"पिल्लं?"

"हायेत ना. पस्तीस-चाळीस."

आईनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी मोजता येत नाहीत ते. खापराखाली दडतात." आणि डोळे उघडून, "काय झालं ते सांगा मले. काहून लपवून राहिले?"

बाबा खाटेच्या लोखंडी पट्टीला धरून उभे होते. त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, काच घासल्याचंसुद्धा. शेवटी लहान पोरासारखं म्हणाले, "डॉक्टर म्हणाले होते ना, ते पाणी वाईट हाय."

"ते माह्यासाठी म्हणे डॉक्टर," आई म्हणाली. "मासोळ्यासाठी नाही."

ती रागावली नव्हती. चुकलेलं गणित पोराला समजावून द्यावं तसं म्हणाली. मग भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती बोलली, औषधाबद्दल, माझ्या परीक्षेबद्दल, पण मासोळ्यांचं नाव तिनं काढलं नाही. सोमवारी दुपारी डायलिसिस चालू असतानाच ती गेली. बाटली खाटेखाली होती, जवळजवळ भरलेली.

गावात त्या वर्षी पुन्हा मोटारी आल्या. चौकात विचारलं, कोणी गेलं का. लोक म्हणाले, मास्तरांची बायको गेली, पण बिमारीनं. मग ते पुढच्या गावी गेले. तिचं मरण कोणत्याच रकान्यात बसत नव्हतं. ती कर्जानं मेली नव्हती, विष पिऊन मेली नव्हती. ती पाणी पिऊन मेली, आणि तेही आपल्या हातानं गडवा उचलून. याची चौकशी कोण करेल?

बाबांनी तेराव्यानंतर गोडं पाणी सोडलं. विहिरीचं प्यायला लागले. गावाला वाटलं, किती मोठं मन. मी सुट्टीत घरी आले तेव्हा मला कळलं. मी त्यांना स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, हे प्रायश्चित्त मला नको. तुम्ही आजारी पडलात तर तुम्हाला चमच्यानं पाणी पाजायला मीच बसणार, पुन्हा एक बाईच. तिची भरपाई तुमच्या मूत्रपिंडानं होत नाही. मी गोड्या पाण्याचा पेला भरून समोर ठेवला. तो उचलून ते प्यायले, आणि तोंडावर उपरणं धरून रडले. मी जवळ गेले नाही. मला जाता आलं नाही.

चाचांना मी जाऊन सांगितलं. ते दुकानातल्या मधल्या वाटेत उभे होते, हात ओले. मागच्या टाकीकडे वळले. मग म्हणाले, "तुझ्या अम्मीच्या हळदीचे पोरं हायेत माझ्याकडे. घेऊन जा, पैसे नको." मी नको म्हटलं. त्यांच्या टाकीत ती पिवळी पिल्लं खडकाच्या आड आत-बाहेर करत होती. ती तिथं बरी होती. आमच्या घरी त्यांच्यासमोर गडवा घेऊन कोण उभं राहणार होतं?

आता मी आमच्या तालुक्यात गावोगाव फिरते. गावाच्या टाकीत पाणी आणा म्हणून सह्या गोळा करते, तहसीलसमोर बसते, ते करतच राहीन. तुमच्याकडून ती सही मागत नाही. तुमच्याकडे दुसरी मागणी आहे आणि तिला सरकार लागत नाही.

तुमच्या घरात जी बाई पाणी भरते, तिला आज विचारू नका ती कोणतं पाणी पिते. विचारलंत तर ती काहीतरी सांगून तुम्हाला गप्प करेल. बघा. उठा, स्वयंपाकघरात जा आणि ती कोणत्या भांड्यात पेला बुडवते ते आपल्या डोळ्यांनी बघा. ते तुमच्यापेक्षा वेगळं निघालं, तर घरातल्या चांगल्या पाण्याचा पहिला पेला भरून तिच्या हातात द्या, पाहुण्याच्या आधी, देवाच्या आधी, आणि ती तो पिऊन खाली ठेवेपर्यंत तिथून हलू नका. उद्या नाही. तिला अजून हवं तेवढं पाणी पिता येतं तोवर.